पुलाच्या पदकाचं माप

कवळीकाकांच्या तोंडून "मला वाटतं" हे शब्द कुणी कधी ऐकले नाहीत. त्यांच्याकडे "आहे" होतं आणि "नाही" होतं. या दोहोंच्या मधे घुटमळणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून वैताग यायचा. पाऊस येईल का, असं विचारलं तर ते खिडकीकडे न बघताच उत्तर द्यायचे. उत्तर चुकलं तर चूक पावसाची.

हा तोरा उगाच आलेला नव्हता. एकेचाळीस वर्षं त्यांनी कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि काका दवाखान्याच्या मागच्या जिन्यावरच्या दोन खोल्यांत बसून त्यावरून दात उभे करायचे. प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, पॉलिशच्या मोटरची घरघर आणि खिडकीच्या कट्ट्यावर सुकत ठेवलेले पंधरा-वीस जबडे. या कामात "साधारण" चालत नाही. जराशी चूक झाली तर म्हातारा जेवताना कळवळतो आणि दुसऱ्या दिवशी जिना चढून भांडायला येतो. काकांकडे भांडायला फारसं कुणी आलं नाही. "गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात," असं ते म्हणायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

हाताखाली शिकायला येणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावायचे. "कवळी कवळीशी जुळवून बघायची नाही. तोंडाशी जुळवायची. वरची खालचीशी झकास बसली म्हणून खूश झालास, तर दोन्ही मिळून चुकलेल्या असतील." वाचणाऱ्यानं हे वाक्य लक्षात ठेवावं. काका स्वतः ते एकदाच विसरले, आणि त्या एका विसरण्यापायी घरात काय काय झालं ते पुढे सांगायचं आहे.

सत्तरी जवळ आली तेव्हा त्यांनी काम सोडलं आणि तिथून घरी एकच वस्तू आणली. चोवीस उथळ खणांचं लाकडी कपाट. पूर्वी त्यात रंगाप्रमाणे लावलेले दात असायचे, दुधासारख्या पांढऱ्यापासून तंबाखू खाणाऱ्यांच्या पिवळ्यापर्यंत. काकांनी कप्प्यांच्या पट्ट्या काढून खण मोठे केले आणि तळाशी हिरवं कापड चिकटवलं. मग इतकी वर्षं डब्यांतून आणि खोक्यांतून साठवलेला त्यांचा खरा जीव त्यात मांडला.

"पदकं का?" असं कुणी विचारलं की काका लगेच दुरुस्त करायचे. "पदकं नाहीत. पदकांच्या ओतीव प्रती."

फरक साधा आहे. एखादी लढाई झाली, एखादा किल्ला लढवला, की सरकार त्याची आठवण म्हणून तिथे लढलेल्या सगळ्यांना एक पदक देतं. पोलादी ठसा करतात, धातूच्या चकतीवर यंत्रानं दाबतात, पदक तयार होतं. ते झालं छापाचं, म्हणजे अस्सल. पुढे कुणीतरी ते पदक वाळूत किंवा प्लास्टरमध्ये दाबून साचा करतो आणि त्यात पितळ, शिसं, हाताला लागेल ते ओततो. ती ओतीव प्रत. बाकीचे संग्राहक छापाच्या मागे धावतात आणि ओतीव दिसली की नाक मुरडून बाजूला सारतात. काकांचं उलटं होतं.

"छापाचं पदक सरकारच्या मर्जीनं होतं," ते म्हणायचे. "सरकारनं हजार केली, हजारांना वाटली. ओतीव प्रत मात्र कुणालातरी हवीच असते म्हणून होते. कुणाला हवी होती आणि का, हे कळलं की मला झोप लागते."

याची सुरुवात झाली ती एका बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यापासून. तीस वर्षांपूर्वी तो कवळीसाठी आला आणि कवळीचं काही बोलायच्या आधी त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक पदक काढलं. पदक मित्राचं होतं. त्याचं स्वतःचं घराला आग लागली तेव्हा गेलं होतं. "तुम्ही माणसाच्या तोंडाचं माप घेता," म्हातारा म्हणाला, "मग याचं घेता येईल की." काकांना आधी राग आला, मग हात शिवशिवायला लागले. चार दिवसांनी त्यांनी त्याच्या हातात हुबेहूब प्रत ठेवली. म्हाताऱ्यानं ती सदऱ्याला लावली आणि भिंतीवरच्या टिचभर आरशासमोर ताठ उभा राहिला. काकांनी तयार कवळी पुढे केली तर म्हणाला, "दात राहू द्या हो. दात नंतर बघू."

त्या दिवसापासून काका अशा जुन्या प्रती शोधू लागले. कैदेतल्या एका शिपायानं जेवणाच्या टिनच्या ताटलीतून केलेली एक होती. एका ओतारी कामगारानं आपल्या साहेबाच्या पदकावरून गुपचूप वाळूत ओतलेली एक होती. एका शाळामास्तरानं वर्गात दाखवायला केलेली प्लास्टरची एक होती, तिच्या कडेला शाईची बोटं उमटली होती. प्रत्येकीखाली कार्ड. कार्डावर तीन रकाने: माप, कुणी केली, का केली. तिसरा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा होता आणि ते रिकामेपण काकांना दुखऱ्या दाढेसारखं सलायचं.

प्रत ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओतीव प्रतीची अक्षरं बोथट असतात. भिंगाखाली बारीक बुडबुड्यांच्या खुणा दिसतात. कड कानशीनं घासलेली असते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे ती आकसते. धातू गरम असताना साचा भरतो आणि थंड होताना अंग चोरतो. छत्तीस मिलिमीटरच्या पदकाची प्रत साडेपस्तीसच्या आतच भरते. हे काकांना पदकांमुळे नव्हे, दातांमुळे ठाऊक होतं. चाळीस वर्षं धातूच्या याच खोडीशी त्यांचं भांडण चालू होतं.

आता सात वर्षांपूर्वीच्या त्या विसरण्याकडे येऊ.

काकांच्या सासूबाई गेल्या आणि दोघी बहिणी आईच्या वस्तू आवरायला बसल्या. थोरली म्हणजे काकांची बायको. तिनं आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले. धाकटी एका मोठ्या इस्पितळाचं कॅन्टीन चालवायची. लग्न केलं नव्हतं, रोज चारशे माणसं जेवू घालायची. दोघींचं मेतकूट असं की एकीला शिंक आली तर दुसरी फोन करायची. भांड्याकुंड्यांची वाटणी हसत-हसत झाली. मग थोरली जरा अवघडून म्हणाली, "आणि एक सांगायचं राहिलं. बाबांचं पदक माझ्याकडे आहे. आईनं लग्नातच दिलं होतं. यांनाही कधी दाखवलं नाही."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "ते तर माझ्याकडे आहे."

दोघींनी आपापलं आणून टेबलावर ठेवलं. सारखीच पदकं, वर कडी, मधे तीन कमानींचा पूल, पुलाच्या कठड्यावर दिव्यांची रांग. आईनं दोघींना वेगवेगळं गाठून एकच वाक्य सांगितलं होतं: "खरं तुझ्याकडे आहे. बहिणीला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल."

त्यांचे वडील त्या पुलावर होते. त्यांच्या फौजेतल्या कंपनीनं तो अकरा दिवस लढवला होता. परत आल्यावर ते लाकडाच्या वखारीत माल सांभाळणारे कोठावळे झाले आणि पुलाबद्दल अवाक्षर न बोलता मुली लहान असतानाच गेले. थोरलीला ते नीट आठवायचे. ताठ चालायचे, कमी बोलायचे आणि दारातूनच नुसत्या वासावर सांगायचे की आज मीठ कमी पडलंय. "फौजी नाक," थोरली अभिमानानं सांगायची. "शत्रूचासुद्धा वास आला असेल त्यांना."

तर दोघी बहिणींनी दोन पदकांवरून मान वर केली आणि साहजिकच काकांकडे बघितलं. घरात असा जाणकार असताना दुसऱ्या कुणाला विचारणार? काकांनी व्हर्नियर आणला. त्या क्षणी त्यांना फार बरं वाटत होतं, हे मान्य केलं पाहिजे. थोरलीचं पदक भरलं पस्तीस पॉइंट चार. धाकटीचं चौतीस पॉइंट नऊ. काकांनी व्हर्नियर खाली ठेवला आणि निकाल वाचून दाखवला. थोरलीचं अस्सल. धाकटीचं त्यावरून ओतलेलं. मग धातू कसा आकसतो हे त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं. समजावून घ्यायला तिथे कुणाचं मन जागेवर नव्हतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

धाकटीनं आपलं पदक रुमालात बांधलं. "माप चोख असेल भावोजी," ती म्हणाली. "तुमचं असतंच." आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. थोरलीनं फोन केले तर दोन शब्दांवर तिसरा नाही. आई आपल्याशी खोटं बोलली आणि तेही ताईसाठी, हे तिला लागलंय असं थोरलीनं धरलं. काही महिन्यांनी फोनही थांबले.

थोरलीचं पदक चौकटीत बसलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर खिळा काकांनीच ठोकला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थोरली वडिलांचा पूल दाखवायची. दर हिवाळ्यात ती धाकटीच्या मापाचा एक स्वेटर विणायची आणि पेटीत ठेवून द्यायची. काका ते बघायचे. मनात मात्र म्हणायचे, मी खरं तेच सांगितलं. खऱ्याला कुणी रुसलं तर इलाज नाही.

असे सहा हिवाळे गेले, सातवा सरत आला. मग भंगारवाल्याचा फोन आला. हा भंगारवाला काकांनी पढवून तयार केलेला होता. "काका, एका जुन्या ठसे कोरणाऱ्याचं घर रिकामं करतोय. पांढऱ्या चकत्या आहेत तीन. फेकू की ठेवू?"

"हात लावू नकोस," काका म्हणाले आणि उलटी बनियन तशीच ठेवून वर सदरा चढवून धावले.

वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते तीन प्लास्टरचे ठसे होते. तिसऱ्यावर तीन कमानींचा पूल होता. मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: "पहिल्या छापावरून घेतला", खाली तारीख आणि कोरणाऱ्याची सही. म्हणजे यंत्रातून निघालेल्या अगदी पहिल्या अस्सल पदकाचं हे माप. तोंडाचं माप असावं तसं. काकांचा आनंद पोटात मावेना. घरी येऊन त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि पुलाच्या कठड्यावरचे दिवे मोजले. अकरा. अकरा दिवसांचे अकरा दिवे, एकेक सुटा. मग सवयीनं व्हर्नियर लावला.

छत्तीस.

त्यांनी पुन्हा लावला. छत्तीस. प्लास्टर सुकताना किंचित फुगतं हे त्यांना माहीत होतं, पण ते किंचितच. तरी त्यांनी शंका नको म्हणून एका नाण्यावर प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, मोजलं. फरक व्हर्नियरला जेमतेम दिसला. मग ते उठले, बायको आत विणत बसली आहे याची खात्री केली, भिंतीवरची चौकट उतरवली आणि भिंगाखाली धरली. दिवे मोजले. सात मोजता आले. पुढचे एकमेकांत मिसळून गेले होते. अक्षरांच्या कडा बोथट होत्या. घासलेली कडसुद्धा होती, आणि ती त्यांनी सात वर्षांपूर्वी बघितलीच नव्हती, कारण मापातच सगळं उत्तर आहे याची त्यांना खात्री होती.

थोरलीचंही ओतीव होतं. छत्तीसवरून पस्तीस पॉइंट चार, त्यावरून चौतीस पॉइंट नऊ. दोघांत मोठं ते आधीचं, एवढंच ते माप सांगत होतं. आधीचं म्हणजे अस्सल, हे कुणी सांगितलं? काकांनीच. त्यांनी कवळी कवळीशी जुळवली होती आणि तोंड बघितलंच नव्हतं. हाताखालच्या माणसानं ही चूक केली असती तर त्यांनी त्याला जिन्यावरून खाली पाठवला असता.

त्यांनी चौकट परत टांगली आणि कपाटासमोर जाऊन बसले. सांगितलं नाही तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. प्लास्टर खणात गेलं असतं, कार्ड लिहिलं गेलं असतं, आणि थोरली मरेपर्यंत पाहुण्यांना पूल दाखवत राहिली असती. सांगितलं तर तिच्या भिंतीवरचं एकुलतं एक मोठेपण जाणार होतं. आणि बहीण परत येईल याची काय खात्री? आयुष्यात पहिल्यांदाच काका त्या मधल्या जागेत उभे होते, आणि ती जागा फार वाईट होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरलीनं सुया खाली ठेवल्या. "अहो, पोट बिघडलंय का तुमचं?"

"नाही. का?"

"कालपासून तुम्ही एकदाही मला चूक म्हणाला नाहीत."

काका तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "मी चुकलो," ते म्हणाले.

थोरलीनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग काकांनी प्लास्टर आणलं, व्हर्नियर आणला आणि सगळं सांगितलं. या वेळी दहा मिनिटं लागली नाहीत.

"म्हणजे खरं धाकटीचं?" थोरलीनं विचारलं.

"नाही. दोन्ही ओतीव. तिचं तुझ्यावरून ओतलं, एवढं मी बरोबर बोललो. पण तुझं कशावरून ओतलं हा प्रश्न मी विचारलाच नाही. अस्सल पदक कुठे गेलं, मला माहीत नाही."

"मला माहीत नाही" हेही त्या घरात नवीन होतं. थोरली भिंतीकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. "एवढ्याशा फरकासाठी माझी बहीण घालवलीत तुम्ही. सात वर्षं! एका केसाएवढ्या फरकासाठी!"

फरक अर्ध्या मिलिमीटरचा होता आणि केस त्याच्या निम्म्यानंही नसतो, हे काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण असं काही गिळायची त्यांची ही पहिलीच वेळ.

सकाळी थोरलीनं चौकटीची मागची फळी उचकटली, पदक रुमालात बांधलं, पेटीतून सातही स्वेटर काढून पिशवीत कोंबले आणि चपला घातल्या. "चला," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

इस्पितळाच्या मागच्या अंगाला कॅन्टीन होतं. अकराचा सुमार, दुपारच्या जेवणाची घाई. मोठमोठी पातेली, वाफेनं ओल्या झालेल्या फरशा, टोकन मोजणारी एक बाई. धाकटी मधोमध उभी होती. अंगात निळा ॲप्रन, हातात लांब दांड्याचा पळा. दारात दोघांना बघितल्यावर पळा पातेल्यातच राहिला.

काकांनी वाटेत भाषण तयार केलं होतं. ते सगळं विसरले. "धाकटे," ते म्हणाले, "मी चुकलो. तुझं पदक खोटं नव्हतं. म्हणजे होतं. पण हिचंही तसंच आहे. दोन्ही ओतीव. मी उगाच निकाल दिला आणि तुला लागेल असं बोललो. माझं माप बरोबर होतं आणि मी साफ चूक होतो."

धाकटीनं ॲप्रनला हात पुसले. "बसा भावोजी," ती म्हणाली. "ताई, बस. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" काकांनी विचारलं.

ती कपाटातून एक तपकिरी पाकीट घेऊन आली. त्या टेबलावरून उठून गेल्यावर ती रागानं पेटली होती. भावोजींना खोटं पाडायचंच, म्हणून तिनं सैन्याच्या दफ्तराला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी वडिलांच्या नावाचं पान आलं. तिनं ते ताईपुढे ठेवलं. खाली एक ओळ होती: "कंपनीचा स्वयंपाकी. निःशस्त्र. पदकास पात्र नाही."

थोरलीनं ती ओळ दोनदा वाचली. "स्वयंपाकी?"

"आचारी होते बाबा," धाकटी म्हणाली. "पुलावर बंदूक नव्हती त्यांच्याकडे. पळा होता. दफ्तरानं त्या कंपनीतल्या एका हयात म्हाताऱ्याचा पत्ता दिला. मी त्यांना लिहिलं. त्यांनी हे पाठवलं."

फोटो होता. तीस-पस्तीस शिपायांच्या दोन रांगा, प्रत्येकाच्या छातीवर तेच पदक. पहिल्या रांगेत मधोमध, जिथे साहेब बसायचा तिथे, एक किडकिडीत तरुण बसवलेला. अंगात ॲप्रन आणि ॲप्रनवर पदक. मागे थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "पदकं आली तेव्हा आमच्या आचाऱ्याचं नाव यादीत नव्हतं. आम्ही सार्जंटच्या पदकाचा साचा केला आणि त्याचाच पितळी पळा वितळवून त्याला एक ओतून दिलं. अकरा दिवस वरून तोफा चालू होत्या. त्यानं एका वेळचं जेवण चुकवलं नाही."

काकांनी भिंग काढलं, फोटोवर धरलं आणि परत खिशात ठेवलं. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं, त्यामुळे भिंगाचा उपयोग नव्हता. छापाचं पदक सगळ्यांना मिळालं होतं. हे एकाच माणसासाठी ओतलं गेलं होतं, आणि ते सात वर्षं काकांच्या भिंतीवर होतं. तीस वर्षं ते ज्याच्या मागे धावले ते त्यांच्याच घरात होतं आणि त्यांनी त्याला अस्सल ठरवून त्याची किंमत कमी केली होती.

"आणि माझं ते आईनं ओतून घेतलं असणार," धाकटी म्हणाली. "मुली दोन, पदक एक. काय करणार ती?"

थोरलीनं ते पान बाजूला सारलं. "सात वर्षं तुला हे माहीत होतं? आणि तू आली नाहीस? एक फोन नाही?"

"आले असते तर बोलून गेले असते. माझ्या पोटात काही राहतं का, तूच सांग. काय म्हणू तुला? ताई, बाबा लढले नाहीत, वाढत होते, भिंतीवरचं उतरव? येईल त्याला तू तो पूल दाखवायचीस. मी म्हटलं, एका घरात तरी राहू दे. खोटं माझ्याकडे आहे, असं सगळ्यांना वाटलं म्हणून माझी काही पातेली रिकामी राहत नाहीत."

थोरलीनं फोटो जवळ ओढला. मग एकदम म्हणाली, "मीठ."

"काय?"

"दारातून वासावर सांगायचे. मीठ कमी आहे. मी जन्मभर फौजी नाक म्हणत आले."

धाकटीला हसू फुटलं, आणि मग थोरलीलाही. हसता-हसता दोघी रडायला लागल्या. टोकनवाली बाई मोजणं सोडून बघत राहिली. काका खुर्चीत अवघडून बसले होते. काहीतरी म्हणायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं. "मला वाटतं," ते म्हणाले आणि तिथेच थांबले, कारण पुढे काय हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही गप्प बसा," थोरली म्हणाली. तिनं रुमाल सोडला, मोठं पदक काढलं आणि स्वेटरांच्या पिशवीतून एक सेफ्टी पिन शोधली.

"अगं, हे काय करतेस? ते तुझं आहे."

"माझं कुठलं? फोटोत बघ. ते ॲप्रनवरचं आहे. तुझं ते धाकटं मला दे, आईनं ओतलेलं. मला तेच हवं." तिनं धाकटीचा निळा ॲप्रन डाव्या बाजूला चिमटीत धरला. "सरळ उभी राहा."

"ताई, पातेलं खाली लागतंय. वास येतोय मला."

"लागू दे," थोरली पिन अडकवत म्हणाली. "हलू नकोस."